वरच्या गल्लीतली कोंबडी

कौलगडात पोहायला शिकायची फी एक कोंबडी होती. जिवंत, आणि वरच्या गल्लीतली. आठवडी बाजारातून विकत आणलेली चालत नसे, पोल्ट्रीतली पांढरी तर अजिबातच नाही. शिकवणारी धुरपतामाय कोंबडी हातात घ्यायची, पंख उचलून बघायची आणि विचारायची, "कोणाच्या घरची?" वरच्या गल्लीतलं घर सांगितलं की मान हलवून कोंबडी टोपल्याखाली झाकायची. घर दुसरीकडचं निघालं तर कोंबडी परत.

मी हिशेबाचा माणूस. सरकारी कचेरीत लेखा विभागात माझी हयात गेली. फी रोख का घेत नाही, असं मी तिला पहिल्याच भेटीत विचारलं होतं. ती म्हणाली, "नोट अंडं देती का?"

कौलगड बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. मुखेडहून एसटीनं निघालं की तासाभरात मन्याड नदी दिसते. ती एका टेकडीला वळसा घालते आणि त्या टेकडीवर हे गाव आहे. गावाला जुनी तटबंदी. तिचा निम्मा भाग आपोआप पडला, निम्मा लोकांनी घरं बांधायला नेला. एक मोठी दगडी वेस अजून उभी आहे, कारण तिचे दगड कोणाला उचलता आले नाहीत. वेशीच्या आत वरची गल्ली आणि तिच्या मधोमध राणीची बारव, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणारी मोठी विहीर. वेशीबाहेर, उतारावर, नदीपर्यंत खालची आळी. तिथं बौद्ध वस्ती आणि आणखी काही घरं. आळी संपते तिथं नदीचा डोह. उन्हाळ्यात मन्याड ठिकठिकाणी आटते, पण हा डोह आटत नाही.

हे सगळं कोणी बांधलं यावर गावात एकमत नाही. कोणी राष्ट्रकूट म्हणतं, कोणी बहामनी, आणि ज्याला घाई असेल तो निजाम म्हणून मोकळा होतो. ती राणी कोण, हे तर कोणालाच माहीत नाही. धुरपतामायला या विषयात रस नव्हता. "राजे लई होऊन गेले," ती म्हणायची. "एकाला तरी पवायला येत होतं का, ते काही कोणी दगडावर कोरलं न्हाई."

माझी कौलगडला बदली झाली तेव्हा आमची रेणू आठ वर्षांची होती. नदीकाठचं गाव, पोरीला पोहता आलं पाहिजे, असा बायकोनं धोशा लावला. वरच्या गल्लीत आम्ही भाड्यानं राहत होतो. घरमालकीण म्हणाली, "डोहावर धुरपता असते. नेऊन टाका." 'टाका' हा शब्द तिनं किती काटेकोरपणे वापरला होता, ते मला डोहावर गेल्यावर कळलं.

सुट्टीतली सकाळ होती. एका सपाट काळ्या दगडावर एक बाई बसली होती. साठीच्या आसपासची, बुटकी, रुंद. नऊवारीचा काष्टा मारलेला आणि वरून पुरुषाचा लांब बाह्यांचा जुना शर्ट. दात मिश्रीनं काळे. एरवी ती शाळेत खिचडी शिजवायची, सुट्टीत पोरांना पाण्यात. हे वाक्य तिचंच. मी तिला नमस्कार केला आणि माझे प्रश्न सुरू केले. डोह किती खोल आहे, तळाला खडक आहे की गाळ, एका वेळी किती मुलं घेता, काही झालं तर जवळचा दवाखाना कुठं. ती माझ्याकडे बघत, हो हो म्हणत रेणूच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधत होती. मी दवाखान्यापर्यंत आलो आणि तिनं पोरीला ढकललं. पायात चपला तशाच. चपला आधी वर आल्या, मग डबा, मग रेणू.

"अहो!" मी ओरडलो.

"आली ना वर?" ती म्हणाली. "मंग?"

रेणू रडत होती आणि हातपाय मारत होती. हात थांबले की रडणं वाढायचं आणि रडणं वाढलं की धुरपतामाय ओरडायची, "रड, पण हातानं!" मी घाबरून, पण माझ्या सवयीप्रमाणे विचारलं, "आजवर किती मुलं शिकवलीत?"

"मोजली न्हाईत."

"आणि काही... म्हणजे, कधी अपघात?"

"बुडालं एक."

मी पाण्याकडे दोन पावलं टाकली.

"ते मोजलंय," ती म्हणाली. "पण माझ्या हातून न्हाई. तवा मला बी पवता येत नव्हतं. आता बाजूला व्हा सायेब, पोरगी दिसू दे मला."

पाण्यात उतरलेल्या माणसाला ती अहो-जाहो करत नसे. काठावर "या सायेब, बसा सायेब," पण पायाला पाणी लागलं की अरे-तुरे. तिचं म्हणणं होतं की पूर्ण नाव, मग साहेब, मग हाक, एवढं होईपर्यंत माणूस तळाला जातं. शिव्यांचाही तिचा हिशेब होता. घाबरलेल्याला साधी शिवी, आळश्याला मोठी, आणि जो फुशारकी मारेल त्याला आईवडिलांसकट. एकदा एका बाईनं पोराला पाण्यात सोडण्याआधी नदीला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. धुरपतामायनं नारळाची एक वाटी उचलून खाल्ली आणि म्हणाली, "नदीला पोहोचला तुझा नारळ. आता पोराला सांग हात मारायला. तिला काय, नारळ दिला तरी ती बुडवती, न दिला तरी बुडवती. ती मन्याड हाय, तुझी नणंद न्हाई रुसायला."

शिकवण्यात तिचं एकच शास्त्र होतं. माणूस ताठ होतं म्हणून बुडतं, अंग सोडलं की पाणी उचलतं. "पाय सोड" हे दोन शब्द ती दिवसातून इतक्या वेळा ओरडायची की खालच्या आळीतली तान्ही पोरं 'आई'च्या आधी तेच बोलतात अशी थट्टा होती.

पण खरी मजा कोंबडीची. वरच्या गल्लीत किराणा दुकानवाले शिवलिंगअप्पा राहत. घर कडक शाकाहारी, अंड्याचं नाव दारात काढायची सोय नाही. त्यांच्या नातवाला पोहायला शिकायचं होतं. अप्पा आधी साखरेचा पुडा घेऊन गेले. परत. मग साडी घेऊन गेले. परत. मग ते माझ्याकडे आले, कारण मी सरकारी माणूस.

"सायेब, ही अडवणूक झाली की. नियमात बसतंय का हे?"

मी म्हणालो, "अप्पा, खाजगी शिकवणी आहे. तिची फी ती ठरवणार."

"पण कोंबडी? मी? ह्या हातानं?"

शेवटी त्यांनी गल्लीच्या टोकाच्या रहीमचाचांच्या घरून कोंबडी मिळवली आणि ती उपरण्याखाली काखेत धरून भर दुपारी निघाले. दुपार यासाठी की रस्त्यावर कोणी नसेल. पण वेशीजवळ सगळा रिकामा गाव सावलीला बसलेला. अप्पा मान ताठ ठेवून चालत होते आणि उपरणं कॉक कॉक करत होतं. कोणीतरी विचारलं, "अप्पा, तब्येत बरी हाय ना?" अप्पा म्हणाले, "पोटात जरा गडबड हाय." ही गोष्ट त्या गावात अजून सांगतात. नातू मात्र उत्तम पोहायला शिकला, आणि पुढच्या वर्षी धाकट्या नातवाच्या वेळी अप्पांनी कोंबडी उघड्यावरून नेली. "एकदा गेली ती गेली," म्हणाले. अब्रूविषयी बोलत होते.

रेणू पंधरवड्यात डब्याशिवाय डोह पार करायला लागली. घरमालकिणीकडून कोंबडी घेऊन मी धुरपतामायच्या घरी गेलो. दोन खोल्या, पत्रा, दारात नळ, भिंतीवर बौद्ध वस्तीत घरोघरी असतो तो निळ्या कोटातला फोटो. तिनं कोंबडी तपासली, घर विचारलं, झाकली आणि चहा टाकला. मी विचारलं, "माय, वरच्या गल्लीतलीच का? चवीला फरक असतो का?"

"असतो की."

"काय?"

ती चहाकडे बघत बोलत होती, कोणाच्या तरी लग्नाची हकिकत सांगावी तशी. "आमच्या लहानपणी बारवेच्या पायरीला आम्हाला पाय लावू देत नव्हते. बारवेजवळ एक दगडी हौद होता. त्यात पाणी वतायचे. वरच्या म्हशी प्यायच्या, कुत्री प्यायची, कोंबड्या तर काठावर नाचत प्यायच्या. आम्ही तेवढे न्हाई. आम्ही डोहावरून आणायचो. तवा पायऱ्या बी नव्हत्या तिथं, नुसतं शेवाळ. माझी धाकटी बहीण केसर घागर भरायला वाकली ती गेलीच. घागर सापडली त्या दिवशी, ती दुसऱ्या दिवशी. मी काठावर उभी. उडी मारून काय करू? पवताच येत नव्हतं. मंग मी वरच्यांच्या म्हशी डोहात उतरायच्या ना, त्यांची शेपटी धरून पवायला शिकले."

तिनं कप माझ्यापुढे ठेवला.

"बारवेचं पाणी लई गोड हाय म्हणतात. मला काय म्हाईत? पण ते पिऊन वाढलेली कोंबडी गोड लागती, एवढं मला म्हाईत हाय. बारवेचं पाणी आमच्या पोटात गेलं ते कोंबडीतूनच." आणि ती काळे दात दाखवून हसली.

मी हसलो नाही. अशा वेळी माणूस बोलतो तसंच मूर्खासारखं मी बोललो. "पण आता तर कोणी अडवत नाही, माय. आता कायद्यानं—"

"कायदा आमच्या माणसानं लिहिलाय सायेब, मला काय सांगून रायलात? आता कोणी अडवत न्हाई. बोलवत बी न्हाई. मी काय चोरून उतरू? वरच्यांनी बोलवावं, मी पुढच्या पायरीनं उतरंन. न्हाई बोलवलं तर ऱ्हायलं. कोंबड्या हायत."

मी नंतर लक्ष ठेवलं. शाळा वरच्या गल्लीत, म्हणजे रोज खिचडी शिजवायला जाताना तिला बारवेवरून जावं लागे. ती कधी कठड्याशी थांबली नाही, कधी वाकून पाहिलं नाही. वाट तिथं जरा रुंद आहे. ती पलीकडच्या कडेनं चालायची.

तसं बारवेत तेव्हा बघण्यासारखं काही नव्हतं. गावात नळ आला आणि राणीची बारव उकिरडा झाली. ज्या पाण्याला कोणाचा हात लागू नये म्हणून पिढ्यान् पिढ्या जपलं, त्यात लोक बिनघोर कचरा, फुटके माठ आणि गणपतीची मखरं टाकत होते. मग दोन-तीन वर्षांखाली गावोगावी बारवा साफ करायची लाट आली. वरच्या गल्लीतल्या पोरांनी कंबर कसली, उन्हाळाभर गाळ उपसला. काम खरंच चांगलं झालं. पावसाळ्यानंतर झरे मोकळे होऊन बारव तीन पुरुष खोल पाण्यानं भरली. पोरांनी ड्रोनवरून फोटो काढले आणि जिल्ह्याचे एक मोठे साहेब उद्घाटनाला यायचं कबूल झाले. साफ झालेल्या जागेत उद्घाटन कशाचं करायचं हे कोणी विचारलं नाही.

सरपंच होते बापूराव देशमुख. पन्नाशीचे, मोठ्या आवाजाचे, मोठ्या पोटाचे, मनानं वाईट नाहीत. त्यांच्या डोक्यात कल्पना आली की मंडप बारवेच्या काठावर घालण्यापेक्षा पाण्यावरच घालावा. निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांवर फळ्यांचा तराफा, त्यावर गालिचा, खुर्च्या, माईक, पाहुणे. ड्रोनमधून काय दिसेल! मला त्यांनी तराफा बघायला बोलावलं ते कौतुकासाठी. मी पिंपं मोजली, फळ्यांचा अंदाज घेतला, पाहुण्यांची वजनं गृहीत धरली आणि तिथंच गुणाकार केला.

"तरंगेल," मी म्हणालो. "पण पाण्यापासून फळी एवढीच वर राहील." आणि मी हाताची वीत करून दाखवली. माझी वीत लहान आहे.

बापूराव वितीकडे बघत राहिले. कारण कौलगडात वरच्या गल्लीतला त्यांच्या वयाचा एकूण एक पुरुष पोहणारा होता, बापूराव सोडून. बारव पवित्र, तिच्यात कोणी पोहायचं नाही, म्हणून वरच्यांची पोरंसुद्धा डोहावर धुरपतामायकडेच शिकली. पण बापूरावांच्या वडिलांनी पोराला तिचा हात लागू दिला नव्हता.

"पाण्यात कोणीतरी माणूस पाहिजे म्हणता?" त्यांनी विचारलं.

"पाहिजेच," मी म्हणालो. "तुम्ही सगळे वर असणार. पोहणारी पोरं आहेत ना?"

"पोरं फोटोत पाहिजेत, कोट घालून."

त्यांनी मला बरोबर घेतलं, कारण माझी मुलगी तिची शिष्य. धुरपतामाय दारात शेंगा फोडत बसली होती. बापूरावांनी विषय काढला. "माय, कार्यक्रम हाय. तुम्ही फक्त मागच्या बाजूनं येऊन पाण्यात भिंतीला धरून ऱ्हायचं. काही झालं तर असावं म्हणून. कॅमेऱ्यात तुम्ही येणार न्हाई, ते आम्ही बघतो." हे ते तिची सोय म्हणून सांगत होते, हे मी त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

ती शेंगा फोडत होती. "पाण्यात म्हणजे बारवेच्या?"

"हाव."

"म्हणजे तू मला बारवेत बोलवून रायलास."

"हाव की, माय."

"मागून."

बापूराव माझ्याकडे बघायला लागले. मी शेंगांकडे बघायला लागलो. तिनं एक शेंग फोडली, एक दाणा कोंबडीला टाकला, एक तोंडात टाकला. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते आमंत्रण असं मागच्या दारानं आलं होतं.

"येते," ती म्हणाली. "पण मागून न्हाई. वेशीतून, पुढच्या पायऱ्यांनी. आणि माझा नेम हाय, पवता येत न्हाई त्याला मी खोल पाण्यावर जाऊ देत न्हाई. तर आधी तू ये डोहावर. उद्या."

"मी?" बापूराव म्हणाले. "ह्या वयात? आणि माय, ते मोठे सायेब पण बसणार हायत, त्यांना—"

"सायेबाला बुडू दे, त्याची बदली होऊन जाती. तू इथलाच हायस. आणि कोंबडी आण. तुझ्या घरची."

उतार चढताना बापूराव मध्येच थांबले आणि म्हणाले, "ती वीत परत एकदा दाखवा हो." मी दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव डोहावर. कोणी सांगितलं, माहीत नाही. मी फक्त बायकोला सांगितलं होतं. बापूराव टॉवेल गुंडाळून आले, काखेत एक तांबडी कोंबडी. टॉवेल काढला तेव्हा आत पट्ट्यापट्ट्यांची गुडघ्यापर्यंत चड्डी. शिवलिंगअप्पा काठावरून म्हणाले, "सरपंच, तब्येत बरी हाय ना?" त्यांना बऱ्याच वर्षांनी ते वाक्य परत करायला मिळालं होतं.

धुरपतामायनं कोंबडी तपासली. "कोणाच्या घरची?"

"आमच्या की."

"नाव सांग घराचं."

"देशमुखांच्या."

तिनं कोंबडी टोपल्याखाली झाकली. मग बापूरावांच्या पाठीकडे पाहून एकाला सांगितलं, "एक डबा पुरत न्हाई ह्याला. दोन आण."

डबे बांधले, दोर पोटाखाली करकचून आवळला आणि बापूराव कमरेएवढ्या पाण्यात जाऊन तिथंच रुतले. ती पुढं खोल पाण्यात, नुसतं डोकं वर. "ये."

"माय, पाय टेकत न्हाई तिथं."

"म्हणून तर ये म्हणते. पाय टेकतो तिथं म्हशी बी पवतात. पाय सोड."

"बुडीन की!"

"बुडालास तर काढते. तू बुडायला आलास का पवायला? आधी ते ठरव." काठ हसत होता. बापूरावांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि पाय सोडले. डब्यांनी त्यांना वर उचललं आणि ते पालथ्या कासवासारखे गोल फिरायला लागले. धुरपतामायनं एक हात त्यांच्या पोटाखाली घातला, हनुवटी वर केली आणि ओढत डोहाच्या मध्यावर नेलं. मी काठावर पुढंच होतो, म्हणून मला तिचं बोलणं ऐकू आलं. ते तिनं ओरडून नाही, साध्या आवाजात म्हटलं.

"इथंच गेली आमची केसर. पाण्याला आली होती."

बापूरावांचे हात थांबले. ते तिच्याकडे बघत राहिले. बारव सोडून ती पाण्याला इथं का आली, हे त्या गावात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

"मला म्हाईत नव्हतं, माय."

"म्हाईत असतं तर काय केलं असतंस? तवा तुझा जन्म नव्हता. हात मार, ताठ होऊन रायलास."

त्यांनी हात मारले. रोज सकाळी येत राहिले आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी डब्याशिवाय, धापा टाकत, कुत्र्यासारखे पण आपल्या जिवावर काठाला लागले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण तिनं आधीच बजावलं होतं की टाळी वाजवली की माणूस फुगतं.

कार्यक्रमाला ती वेशीतून आली. धुतलेली नऊवारी, वर तोच शर्ट, कमरेवर एक लहान तांब्याची घागर. बापूराव पाहुण्यांचं स्वागत सोडून कठड्यापर्यंत आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "माय, या. पुढून या." ती थांबली. मला वाटलं काहीतरी तिखट बोलेल. तिनं घागर पहिल्या पायरीवर ठेवली आणि एकेक पायरी बघत बघत उतरली, नव्या घरात शिरताना बघतात तशी. शेवटच्या चार पायऱ्या शिल्लक असताना तिनं नाक धरलं आणि उडी मारली. ती रुंद बाई. पाण्याचा लोट तराफ्यावरच्या गालिच्यावर आला आणि मोठ्या साहेबांच्या हातातलं भाषण भिजलं. त्यामुळे ते आटोपशीर बोलले.

पुढचं मी माझ्या खात्यावर घेतो. माझा गुणाकार बरोबर होता. तराफा वीतभर वर तरंगत होता. पण ड्रोन वर आला तेव्हा सगळे त्याच्याकडे तोंड करायला एकाच बाजूला सरकतील, हे मी धरलं नव्हतं. फळी कलली, पाहुणे एकमेकांना धरून राहिले, दोन खुर्च्या गेल्या आणि त्यांच्यामागे फेट्यासकट बापूराव. बायका किंचाळल्या. कोट घातलेली पोरं बूट काढायला लागली. धुरपतामाय पलीकडच्या भिंतीशी होती. ती जागची हलली नाही. तिनं फक्त ओरडून सांगितलं, "पाय सोड!"

फेटा आधी वर आला, मग बापूराव. आणि ते पोहत पायरीला लागले. पाणी थुंकत वर बघून हसले ते शाळेतल्या पोरासारखे. या वेळी टाळ्या पडल्या, आणि तिनं मनाई केली नाही.

महिन्याभरात माझी नांदेडला बदली झाली. रेणू आता लातूरला क्लासला आहे, तिथं पोहायला वेळ नाही. गेल्या वर्षी अप्पांचा फोन आला की धुरपतामाय गेली. झोपेत, खाटेवर. गावाला जरा चुकल्यासारखंच वाटलं. पाण्यात गेली असती तर सांगायला बरं झालं असतं, असं अप्पा म्हणाले.

मी तिला मनात ठेवलीय ती त्या कार्यक्रमाच्या दिवशीची. लोक जेवायला उठले तरी ती बारवेतून निघेना. उताणी पडून आभाळाकडे बघत होती. मग बाहेर आली, पायरीवरची घागर घेऊन पुन्हा उतरली, ती पाण्यात बुडवून भरली आणि कमरेवर घेतली. वेशीतून खाली उतरताना तिच्या पातळातून आणि घागरीतून पाणी गळत होतं. रस्त्यावर ओली रेघ. मी मागून गेलो, कारण तिचं वय आणि उतार दोन्ही मला ठाऊक होते. वाटेत एकानं विचारलं, "माय, दारात नळ आला की तुझ्या. हे कशाला वाहून रायलीस?"

"ते नळाचं हाय," ती म्हणाली.

घरासमोर तिनं घागर टेकवली. ओंजळीनं आधी स्वतः प्याली. तोंडात घोळवलं, थोडं थांबली, पुन्हा एक ओंजळ प्याली.

"गोड आहे का, माय?" मी विचारलं.

"पाण्यासारखं हाय," ती म्हणाली. "लई उगंच बोलबाला केला ह्यांनी."

मग तिनं टोपलं उचललं. देशमुखांची तांबडी कोंबडी बाहेर आली, अंग झाडलं. अजून कापली नव्हती. मायनं एका वाटीत घागरीतलं पाणी ओतून तिच्यापुढे सरकवलं आणि ओल्या पातळानिशी उंबऱ्यावर टेकली.

"पी," तिला म्हणाली. "तुझ्या घरचंच हाय. आता तुला कापायचं काम ऱ्हायलं न्हाई."

कोंबडीनं चोच बुडवली, मान वर केली, गिळलं. धुरपतामाय तिच्याकडे बघत बसली होती. मला कुठं जायची घाई नव्हती, तरी त्या दोघींना तिथं सोडून मी निघालो.